गोऱ्या पलटणींचा उन्हाळा : दगशाई, कसौली, पुरंदर आणि डोंगरावरच्या छावण्या

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात सहकुटुंब शिमला करून आलो. सहकुटुंब म्हणजे मी, बायको, दोन पोरं आणि सासूबाई. शिमल्याबद्दल काही लिहीत नाही, त्यावर इथे ढिगाने धागे पडलेत. पण परतीच्या दिवशी कालक्याहून गाडी रात्रीची होती आणि हातात अख्खा दिवस होता. टॅक्सीवाला म्हणाला कसौली दाखवतो, कसौलीच्या अलीकडेच गाड्यांची जी रांग लागलेली ती बघून मीच म्हटलं सोड ते, दगशाईला चल. बायकोने विचारलं तिथे काय आहे, मी म्हटलं जेल आणि कब्रस्तान. पुढचा अर्धा तास गाडीत कोणी बोललं नाही.

कुमारहट्टीपाशी हायवे सोडून वर वळलं की लगेच चीडाची झाडं, एकदम शांतता, आणि मिलिटरीच्या पाट्या. उंची सहा हजार फुटांच्या आसपास. बाजार म्हणजे एक रस्ता आणि दोन्हीकडे दुकानं. इथे १८४७ साली इंग्रजांनी छावणी वसवली, पतियाळाच्या महाराजांकडून पाच गावं घेऊन. दोन वर्षांत जेल बांधलं, खर्च ७२,८७३ रुपये. हा आकडा तिथे जो तो सांगतो, आमच्या टॅक्सीवाल्यालाही पाठ होता. एकूण ५४ कोठड्या. आता म्युझियम आहे. कोठडीचं दार लावलं की आत काय अंधार होतो ते धाकट्याला दाखवायला गेलो आणि तो रडला, मग सासूबाईंकडून मलाच ऐकून घ्यावं लागलं. खाली जमीन लाकडी फळ्यांची आहे, कैदी नुसता उठून चालला तरी बाहेर पहारेकऱ्याला आवाज जावा म्हणून.

पण डोक्यात राहिलं ते कब्रस्तान. गवतातून उतरत गेलो. मला वाटलेलं कर्नल-बिर्नल असतील. निम्मे दगड लहान मुलांचे. ११ महिने, २ वर्षं, एका दगडावर दोन भावंडं, दोघांच्या तारखांमध्ये आठवड्याचं अंतर. बाकी शिपाई, बावीस-चोवीस वर्षांचे. आणि एका मेजरच्या बायकोची कबर आहे, १९०९ ची, ती गरोदरपणी गेली, नवऱ्याने संगमरवरी मूर्ती करून लावलेली, देवदूत आई आणि बाळाला घेऊन चाललाय अशी. आता ती पार झिजलीय, फुटलीय. कारण काय, तर त्या दगडाचा कपचा गरोदर बाईने जवळ ठेवला की मुलगा होतो असं कुणीतरी पसरवलं आणि लोकांनी कपचे काढून काढून नेले. सासूबाई बराच वेळ तिथे उभ्या होत्या. मग म्हणाल्या, मुलगाच का पण.

तर मुद्दा असा. मी आजवर धरून चाललेलो की हिल स्टेशन म्हणजे साहेबाची चैन, बॉलडान्स, माल रोड, घोडे. शिमला-मसुरीचं ते खरं असेलही. पण ही जी छोटी छोटी लष्करी ठाणी आहेत ना, सबाथू, कसौली, दगशाई, जतोग, लंढौर, चक्राता, रानीखेत, लॅन्सडाउन, बकलोह, तिकडे पाकिस्तानात मरीच्या आसपासची, दक्षिणेत वेलिंग्टन, ही चैनीसाठी वसलेली नाहीत. ती मरणाच्या भीतीने वसलेली आहेत. १८५९ ला इंग्रज सरकारने एक कमिशन नेमलं, हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्याच्या आरोग्यावर, त्याचा रिपोर्ट १८६३ ला आला आणि त्यात सरळ आकडा आहे, दर हजारी ६९ गोरे सोल्जर दरवर्षी मरतात. लढाईत नव्हे, कॉलरा, ताप, हगवण, लिव्हर. म्हणजे दहा वर्षांसाठी हजाराची पलटण इकडे पाठवली तर परत किती गेले याचा हिशोब तुम्हीच करा. फ्लोरेन्स नाइटिंगेल बाई तर याच्या हात धुवून मागे लागलेल्या, स्वतः कधी हिंदुस्थानात आल्या नाहीत पण छावण्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन गटारं, पाणी, बरॅकी सगळ्याचा पंचनामा केला.

तुमच्यापैकी कोणी अशा छावण्या बघितल्यात का? महाराष्ट्रातल्या असतील तर जास्त बरं. लिहा.

---

पेठेतला पंत

पहिला! मस्त लिहिलंय. बायका-पोरांना सुट्टीत कब्रस्तान दाखवणाऱ्या माणसाला दंडवत.

---

निवृत्त फौजी

घाटवाट, लेख आवडला पण "मरणाच्या भीतीने" हे अर्धंच आहे. सुरुवात आजारपणाने नाही झाली, लढाईने झाली. १८१४ ते १६ इंग्रज-गोरखा युद्ध झालं, त्यात शिमल्याच्या आसपासच्या टेकड्यांवरून गोरखे हटले आणि कंपनीने मोक्याच्या जागा धरल्या. सबाथू तेव्हाची. हरलेल्या गोरख्यांनाच भरती करून नसिरी पलटण तिथे १८१५ ला उभी राहिली, आजची पहिली गोरखा रायफल्स. सबाथूला आजही गोरखा ट्रेनिंग सेंटर आहे, मी तिथे कामानिमित्त आठ दिवस राहिलोय, पहाटे रिक्रूट पोरं पळताना जो आवाज येतो तो अजून कानात आहे. मग पुढे शीख राज्याशी गाठ पडणार हे दिसत होतं म्हणून अंबाल्याच्या डोक्यावर गोरी पलटण हवी, म्हणून १८४२ कसौली, १८४३ जतोग, १८४७ दगशाई. नकाशा उघडून बघा, सगळी ठाणी कालका-शिमला वाटेच्या दोन्ही अंगाला मण्यांसारखी आहेत. आरोग्य होतंच, पण नकाशाही होता.

आता याची दुसरी बाजू सांगतो. १० मे १८५७ ला मेरठला उठाव झाला तेव्हा कमांडर-इन-चीफ जनरल अॅन्सन कुठे होता? शिमल्याला. ७५ वी पलटण कसौलीत, बंगाल फ्युजिलियर्सची एक दगशाईत, दुसरी सबाथूत. दिल्ली हातातून गेली आणि दिल्लीवर चालून जायचे ते सगळे गोरे डोंगरावर गार हवा खात बसलेले! धावत पळत अंबाल्याला उतरवले तर खाली ना पुरेशा गाड्या, ना तंबू, ना दारूगोळा. अॅन्सन २७ मे ला कर्नाळला (आपलं पनवेलजवळचं नाही, हरियाणातलं कर्नाल) कॉलऱ्याने गेला. त्याच्या जागी आलेला बर्नार्ड ५ जुलैला दिल्लीसमोर, तोही कॉलऱ्यानेच. म्हणजे ज्याच्यापासून लपायला वर गेले त्यानेच खाली उतरल्यावर गाठलं. आणि गंमत म्हणजे जतोगच्या नसिरी गोरख्यांनी हलायला नकार दिला, त्यांच्या तक्रारी होत्या, कसौलीच्या पहाऱ्याने खजिनाच उचलला, आणि शिमल्यातले गोरे लोक बायका-पोरांसह रात्रीत पळत सुटले. प्रत्यक्षात शिमल्यात कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

---

घाटवाट

@निवृत्त फौजी, काका, हे माहीतच नव्हतं. नकाशाचा मुद्दा मान्य. पण ५७ नंतर जी लाट आली, चक्राता १८६६, रानीखेत १८६९ वगैरे, ती आरोग्याचीच ना? कारण ५७ नंतर गोऱ्या शिपायांची संख्या त्यांनी जाणूनबुजून वाढवली, दर दोन देशी शिपायांमागे एक गोरा असं काहीसं प्रमाण ठरलं. साठ-सत्तर हजार गोरे उन्हाळ्यात ठेवणार कुठे?

---

निवृत्त फौजी

हो, ती लाट आरोग्याची. सगळे वर जाऊ शकत नव्हते, जागाच नव्हती. पद्धत अशी की पलटणीचा एक तुकडा खाली आणि एक वर, शिवाय आजारी, आणि कुटुंबं. एप्रिलमध्ये चढायचं, पावसाळा संपला की ऑक्टोबरात उतरायचं. रेल्वे यायच्या आधी हे सगळं पायी, रात्री किंवा पहाटे चालायचं, ऊन वाढायच्या आत मुक्काम. सोबत बैलगाड्या, खेचरं, उंट, आणि जितके सोल्जर त्याच्या कितीतरी जास्त नोकर. भिश्ती, धोबी, आचारी, डोलीवाले, घासवाले.

---

गोळी औषध

डॉक्टरच्या नजरेतून थोडं. (दंतवैद्य आहे, पण डॉक्टरच.)

त्या काळी समजूत काय होती, तर ताप हवेने येतो. दलदलीतून, कुजलेल्या पाल्यातून विषारी वाफ उठते आणि ती जड असल्याने खालीच राहते. मलेरिया शब्दच मुळी "वाईट हवा". म्हणजे एका उंचीच्या वर गेलात की वाचलात. थिअरी चूक, पण उत्तर बऱ्यापैकी बरोबर, कारण वर थंडीत डास कमी. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू बघितला तो २० ऑगस्ट १८९७ ला. तोपर्यंत साठ-सत्तर वर्षं लाखो रुपये खर्चून छावण्या बांधून झालेल्या.

पण आजार काही उंची मोजून येत नाहीत. हिमालयाच्या पायथ्याशी तराईच्या जंगलातून जाताना चावलेला डास घेऊनच माणूस वर पोचायचा आणि आठ-पंधरा दिवसांनी वर गार हवेत थडथडायला लागायचा. टायफॉइड आणि कॉलरा पाण्याचे, ते वरही गेलेच. शिवाय डोंगरावरची स्वतःची एक जुनाट हगवण होती, हिल डायरिया असंच नाव पडलेलं तिला, हवापालटाला गेलेला माणूस तिनेच खंगायचा. मुलांच्या कबरी म्हणताय त्यातल्या बऱ्याच अशा पोटाच्या आजारांच्या आणि घटसर्पासारख्या रोगांच्या असणार.

कसौलीबद्दल एक राहिलं. १९०० साली तिथे डेव्हिड सेंपल नावाच्या लष्करी डॉक्टरने पाश्चर इन्स्टिट्यूट काढलं. त्याआधी कुत्रा चावलेल्या गोऱ्या सोल्जरला सरकारी खर्चाने पॅरिसला पाठवायचे! जहाजाने! पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जायचं. मग १९११ च्या सुमारास सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली, कार्बोलिकने विषाणू मारून. आता ही कुठली लस ते चाळिशीच्या पुढच्या मंडळींना सांगायला नको.

---

सुगरण नाही मी

बापरे, पोटातली चौदा इंजेक्शनं!! ती कसौलीची होती?

---

गोळी औषध

तीच. आपल्याकडे २००४-०५ पर्यंत चालू होती. सोल्जर वाचवायला डोंगरावर निघालेली लस शंभर वर्षं गावोगावच्या दवाखान्यात टोचली गेली.

---

सुगरण नाही मी

अहो मी घेतलीयत ती! तिसरीत होते. मिरजेला आजोळी मे महिन्यात, गल्लीतलंच कुत्रं, रोज ज्याला पोळी घालायचो तेच. रोज सकाळी आजोबा सायकलवर पुढच्या दांड्यावर बसवून सरकारी दवाखान्यात न्यायचे. बेंबीच्या भोवती घड्याळासारखं फिरत फिरत टोचायचे, आज इथे उद्या तिथे. तिथल्या सिस्टर म्हणायच्या पोट ढिलं सोड, कसं सोडणार ढिलं सुई बघितल्यावर! पाचव्या दिवसापासून पोट असं दडस झालं की परकराची नाडी बांधता यायची नाही. परतीच्या वाटेवर आजोबा उसाचा रस पाजायचे. चौदा दिवस चौदा ग्लास. मला आजही उसाचा रस प्यायला की बेंबीशी कसंतरी होतं. धागा कुठून कुठे आला, सॉरी.

---

पेठेतला पंत

सॉरी कशाला, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. कुत्र्याचं काय झालं पुढे?

---

सुगरण नाही मी

मजेत जगलं! दिवाळीत गेले तेव्हा शेपूट हलवत आलं. म्हणजे चौदा फुकट.

---

वऱ्हाडी ठेचा

आमच्या पचमढीले कोनी इचारतच नाही! (प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर पंत रागावतील.) सातपुड्यातली ही तशीच लष्करी जागा. कॅप्टन फोर्सिथ नावाचा घोडदळातला माणूस, त्याने १८६२ ला तिथे बायसन लॉज बांधलं, पचमढीतलं पहिलं पक्कं घर ते. मग गोऱ्या सोल्जरांचं आरोग्यधाम झालं आणि मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपुरातून उठून तिथे जायला लागलं. नागपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना कारण सांगायची गरज नाही. आजही आर्मी एज्युकेशन कोरचं सेंटर तिथे आहे.

पण इंग्रजांनी "शोधली" म्हणतात त्याचा मला राग येतो. आमच्याकडून महाशिवरात्रीला चौरागडला लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात, नागपंचमीच्या आसपास नागद्वारची यात्रा असते, भर पावसात, दरीतून, चिखलातून, माझी आजी अनवाणी गेलेली. कॅप्टनसाहेबाला वाट कुणी दाखवली असेल? तिथल्या कोरकू-गोंडांनीच ना? आजीला कुणी शोधलं म्हणालं नाही.

---

बदलीची बायको

वऱ्हाडी ठेचा, टाळ्या! हेच लिहायला आले होते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सहा वर्षं कुमाऊंत काढलीयत, त्यातली तीन रानीखेतच्या जवळ. लॅन्सडाउनही बघितलंय, ते १८८७ चं, जुनं नाव कालूडांडा, गढवाल रायफल्सचं घर. सगळीकडे तुम्ही म्हणता तसंच, चर्च, परेड ग्राउंड, माल रोड, बाजार खालच्या अंगाला. पण इतक्या प्रतिसादांत एक गोष्ट कोणी विचारली नाही. हे सगळं सामान वर नेलं कुणी?

पियानो, लोखंडी खाटा, बिलियर्डचं टेबल, आजारी सोल्जर, साहेबाची बायको डांडीत (माणसांनी खांद्यावर वाहायची खुर्ची) बसून, हे सगळं माणसांच्या पाठीवरून गेलं. आणि ती मजुरी नव्हती, बेगार होती. कुमाऊंत तिला कुली-उतार म्हणायचे. गावच्या प्रधानाकडे रजिस्टर असायचं, त्यात घरटी नावं, साहेबाचा किंवा पलटणीचा दौरा आला की ज्याची पाळी त्याने आपलं शेत टाकून ओझं उचलायचं, पैसे मिळाले तर नावाला. आणि कुली-बर्दायश म्हणजे वर साहेबाच्या मुक्कामाला दूध, धान्य, लाकूड, गवतही पुरवायचं. आमच्याकडे कामाला यायच्या त्या अम्मांचे सासरे लहानपणी ओझी वाहिलेले. त्या सांगायच्या की कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझं घेतात ना, त्याने सासऱ्यांच्या कपाळाला कायमची खाच पडलेली, टोपी तिच्यातच बसायची.

हे संपलं कसं तेही ऐकण्यासारखं आहे. १४ जानेवारी १९२१, उत्तरायणीचा मेळा, बागेश्वरला शरयू आणि गोमतीच्या संगमावर. हजारो लोक जमले, बद्रीदत्त पांडे आणि बाकीचे पुढारी होते, तिथे लोकांनी शपथ घेतली की यापुढे बेगार करणार नाही आणि गावोगावच्या प्रधानांनी ती रजिस्टरं आणून शरयूत फेकली. इंग्रज डेप्युटी कमिशनर हजर होता, पोलीस मूठभर, काही करू शकला नाही. आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ, तिकडे त्या दिवशी लोक अजून ही गोष्ट सांगतात. मी गेलेय त्या मेळ्याला, थंडीने दात वाजत होते.

---

तटस्थ

एकंदर धाग्याचा सूर बघता गोऱ्या सोल्जरांबद्दल भलतीच कणव दाटून आलेली दिसते. मुलांच्या कबरी वगैरे. त्याच वर्षांत आपल्याकडे दुष्काळात किती मेले त्यांच्या कबरी कुठे आहेत? त्यांच्यावर संगमरवरी मूर्ती कुणी लावल्या? स्वतःची माणसं मरायला लागली की कमिशन, बाकीच्यांना देव आहे. चालू द्या.

---

घाटवाट

@तटस्थ, राग समजतो, आणि बदलीची बायको यांनी जे लिहिलं त्यानंतर माझा लेखच मला अर्धवट वाटायला लागलाय, खरं सांगतो. पण अकरा महिन्यांच्या पोराने काय केलं होतं हो? आणि साधा सोल्जर म्हणजे साहेब नव्हे. बहुतेक आयर्लंडातला किंवा लंडनच्या गल्लीतला उपाशी पोरगा, पोटासाठी भरती झालेला. अधिकारी लोक शिमल्याला नाटकं करायचे, हा बरॅकीत.

दगशाईच्याच जेलची एक गोष्ट सांगायची राहिली. १९२० साली कनॉट रेंजर्स ही आयरिश पलटण जालंधरला होती, तिची एक तुकडी उन्हाळ्यासाठी सोलनला आणि एक जतोगला. आयर्लंडमध्ये इंग्रज शिपाई लोकांच्या घरांवर काय अत्याचार करतायत त्याच्या बातम्या पत्रांतून यायला लागल्या आणि २८ जूनला जालंधरला काही जणांनी सांगितलं की आता आम्ही ड्यूटी करणार नाही. सोलनच्या तुकडीपर्यंत हे पोचलं, तिथे जेम्स डेली नावाचा वीस वर्षांचा पोरगा पुढारी झाला, रात्री शस्त्रागारावर गेले, गोळीबारात त्यांच्यातलेच दोघं मेले. कोर्ट मार्शल होऊन १९ जणांना मृत्यूची शिक्षा, १८ जणांची बदलून जन्मठेप वगैरे झाली, डेलीला मात्र २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईत गोळ्या घातल्या. तिथेच पुरलेला. १९७० ला त्याची हाडं आयर्लंडला नेली. जेलमध्ये गांधीजींची म्हणूनही एक कोठडी दाखवतात, आयरिश कैद्यांची चौकशी करायला ते आलेले असं सांगतात. तेव्हा सगळे गोरे एका पारड्यात नका घालू एवढंच.

---

तटस्थ

डेलीचं माहीत नव्हतं. ठीक आहे. दुष्काळाचा मुद्दा कायम.

---

घाटवाट

कायम असूद्या, चूक नाहीये तो.

---

सासवडचा सोपान

महाराष्ट्रातलं विचारलंत ना, घ्या मग. पुरंदर! लोक संभाजी महाराजांचा जन्म, मुरारबाजी, पुरंदरचा तह इथपर्यंत येतात आणि थांबतात, बरोबरच आहे, पण माचीवर बिनी दरवाजातून आत गेलं की समोर पडकं चर्च दिसतं त्याचं कोडं कोणी सोडवत नाही. ट्रेकला आलेली पोरं त्याच्यासमोर फोटो काढतात आणि खाली लिहितात "प्राचीन वाडा". पेशवाई गेल्यावर किल्ला इंग्रजांकडे आला आणि गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, अठराशे पन्नासच्या पुढेमागे, त्यांनी माचीवर गोऱ्या आजारी सोल्जरांसाठी आरोग्यधाम केलं. बरॅकी, दवाखाना, बंगले, चर्च. पुण्याच्या लष्करातून माणसं इथे हवापालटाला यायची.

आता प्रश्न असा की महाबळेश्वर असताना पुरंदर कशाला? महाबळेश्वर तर आधीचं, सर जॉन माल्कमने १८२८-२९ ला प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेतली आणि बदल्यात खंडाळं दिलं (वाईकडचं, लोणावळ्याचं नव्हे). त्याच्याआधी जनरल लॉडविक वर चढून गेलेला, म्हणून तो पॉइंट. पण महाबळेश्वरला जून लागला की काय होतं सांगायला नको, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, बंगल्यांना कुडाच्या ताट्या लावून सगळा गाव खाली उतरायचा. मुंबई सरकारचाही क्रम तोच, उन्हाळा महाबळेश्वर, पावसाळा पुणे. हिमालयात आजारी माणूस एप्रिल ते ऑक्टोबर ठेवता येतो, सह्याद्रीच्या माथ्यावर तो बुरशीच धरेल. पुरंदर साडेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे उंचीला महाबळेश्वराच्या जवळपास, पण घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकलेला, पाऊस त्याच्यापेक्षा बराच कमी, आणि पुण्याहून जवळ. जागा निवडणाऱ्याला मानलं पाहिजे. अर्थात ती आपल्याच लोकांनी सहा-सातशे वर्षं आधी निवडलेली, वऱ्हाडी ठेचांचा मुद्दा इथेही लागू.

दुसऱ्या महायुद्धात इथे जर्मन लोकांना स्थानबद्ध ठेवलेलं. त्यात हिटलरपासून जीव वाचवून हिंदुस्थानात आलेले ज्यूसुद्धा होते, पासपोर्ट जर्मन म्हणून! केदारेश्वराच्या पायऱ्या चढताना मला नेहमी वाटतं, व्हिएन्ना-बर्लिनकडचा माणूस इथे उभा राहून खाली भिवडी-नारायणपूरकडे बघत काय विचार करत असेल.

---

नाशिकचा चिवडा

अवांतर : डोंगर नाही पण देवळालीला विसरू नका. बोटीने मुंबईत उतरलेले सोल्जर आधी देवळालीच्या बरॅकीत यायचे आणि मुदत संपून घरी जाणारेही तिथेच बोटीची वाट बघत बसायचे. बोटी फक्त थंडीच्या मोसमात, साधारण ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलमध्ये मुदत संपली की बसा अख्खा उन्हाळा-पावसाळा, काम नाही, दारू आहे. त्यातून "देवळालीचा ताप" म्हणजे डोकं फिरणं असा शब्दच सोल्जरांच्या बोलीत आला, डूलॅली टॅप. टॅप म्हणजे आपला तापच! इंग्लंडात आजही एखादा सटकला की डूलॅली झालाय म्हणतात. देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला हे ऐकवलं तर म्हणाला, हवा तीच आहे अजून.

---

पेठेतला पंत

मेव्हण्याला साष्टांग. हा शब्द मराठीत परत आणायला हवा.

---

निवृत्त फौजी

एक शेवटचं, जमिनीबद्दल. लोक विचारतात या छावण्या अजून इतक्या हिरव्या आणि मोकळ्या कशा. पर्यावरणप्रेम नाही ते, जुना कायदा आहे. १८३६ चा गव्हर्नर जनरलचा एक हुकूम, नंबर १७९, त्यानुसार कॅन्टोन्मेंटात बंगला बांधायला जागा मिळायची पण जमीन सरकारचीच, सरकारने म्हटलं तर महिन्याच्या नोटिशीवर खाली करायची. ओल्ड ग्रँट म्हणतात त्याला. त्यामुळे मजले चढवणं नाही, तुकडे पाडून विकणं अवघड. कसौलीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की काय बांधकाम झालंय ते घाटवाटने बघितलंच असेल, हद्दीच्या आत झाडं. लंढौरला पण तेच, खाली मसुरीत हॉटेलावर हॉटेल आणि वर लंढौरला, जिथे १८२७ ला आजारी सोल्जरांचा डेपो काढला, तिथे अजून देवदार. जुन्या इस्पितळाच्या जागेत आता डीआरडीओची संस्था आहे. पण आता बदल होतोय, सिव्हिल एरिया वेगळा काढायचं धोरण आलंय, कांगड्यातलं योल कॅन्टोन्मेंट २०२३ ला पहिलं मोडलं. बाकीच्यांचं होईल तेव्हा धागाकर्त्याने परत जाऊन फोटो टाकावेत.

---

बदलीची बायको

रानीखेतला राहताना त्या ओल्ड ग्रँटच्या बंगल्यातच होतो आम्ही. छपराचा पत्रा गळायचा, परवानगी मिळेपर्यंत दोन पावसाळे बादल्या ठेवल्या. हिरवाई लांबून छान दिसते काका :)

---

निवृत्त फौजी

ताई, बादल्या आम्हीही ठेवल्यात.

---

घाटवाट

सोपानराव, पुरंदरचं वाचून आता राहवत नाहीये. पुढच्या रविवारी जातोय. सासूबाई स्वतःहून येते म्हणाल्या! गाडी माचीपर्यंत जाते ना? आणि ते चर्च आतून बघू देतात का?

---

सासवडचा सोपान

गाडी वर जाते, रस्ता अरुंद आहे, वळणावर हॉर्न द्या. गेटवर मिलिटरीचा पहारा, प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, आधार चालतं, सासूबाईंचंही घ्या नाहीतर त्यांना नारायणपूरच्या दत्ताला बसवून जावं लागेल. वज्रगडाकडे वळू नका, अडवतात. पाचच्या आत खाली. चर्चला छप्पर नाहीये, आत काय आणि बाहेर काय. येताना सासवडला थांबा, सीताफळाचा मोसम नाही पण अंजीर मिळालं तर घ्या.

---

सुगरण नाही मी

आणि रस्त्यात कुत्र्यांना पोळी घालू नका.